काळीवर घर बांधताय? पाया झाकण्याआधी बघून घ्या

तुमच्या गटाच्या वहीत मागच्या दोन-तीन वर्षांची कर्जं चाळून बघा. शेळ्या, शिलाई मशीन, पोरांची फी, दवाखाना, आणि त्यांच्या बरोबरीनं घर. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, पण शासनाचे पैसे पुरत नाहीत म्हणून वरचे गटातून उचललेत. कुणी वाटण्या झाल्यावर शेताच्या कडेला दोन खोल्या काढल्यात. आम्ही समन्वयक म्हणून गावोगाव बैठकांना बसतो, तेव्हा या घरांबद्दल एक प्रश्न वारंवार ऐकतो : "ताई, घर तर नवं आहे. मग भिंतीला तडे का गेले?"

आज आपण याच प्रश्नाचं उत्तर बघू. विषय आहे घराचा पाया, आणि तोही काळ्या मातीतला. पाया म्हटलं की आपण म्हणतो, ते गवंड्याचं काम, पुरुषमाणसं बघतील. पण कर्जाचा हप्ता आपण भरतो, घराच्या कागदावर पुष्कळदा आपलं नाव असतं, आणि त्या घरात दिवसभर राहतो आपणच. म्हणून पाया म्हणजे काय, तो कुठं टेकायला हवा आणि तो झाकण्याआधी काय बघायचं, एवढं आपल्याला यायला हवं. इंजिनिअर व्हायचं नाही. बघायचं आणि विचारायचं शिकायचं.

पांढरी आणि काळी

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात. जिथं घरं, ती पांढरी. जिथं शेतं, ती काळी. पिढ्यान् पिढ्या वस्ती पांढरीवर राहिली आणि काळी पेरणीसाठी ठेवली. पांढरीची जागा उंचवट्यावर, निचऱ्याची. त्या मातीवर घर निवांत बसतं.

आता गावठाण भरलंय. नवं घरकुल, नवी वसाहत, रस्त्याकडेची दोन खोल्यांची घरं ही सगळी काळीवर येताहेत. त्याला इलाज नाही. जागा आहे तिथंच घर बांधावं लागणार. पण पांढरीवर चालणारा पाया काळीवर चालत नाही. "आमच्या आज्यानं तीन फुटांवर पाया घेतला, घर साठ वर्षं उभं आहे," हे खरं असतं, पण ते घर पांढरीवर असतं. तोच तीन फुटांचा पाया काळीवर घेतला की घर हलायला लागतं.

काळी माती करते काय?

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची हजारो वर्षं झीज होऊन ही माती झाली. तिचे कण अतिशय बारीक असतात आणि ते पाणी ओढून घेतात. पाणी मिळालं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. कापसाला हीच माती चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. घराला हीच माती अवघड, कारण ती वरखाली होते.

हे तुम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आषाढात त्याच रानात भेग शोधून सापडत नाही. त्या भेगा बुजल्या कशानं? कुणी माती आणून टाकली नाही. आहे तीच माती फुगली. आता त्याच मातीवर आपली भिंत उभी आहे असं समजा. भिंतीखालची माती दर पावसाळ्यात वर ढकलणार आणि दर उन्हाळ्यात खाली बसणार.

सगळं घर एकसारखं वर गेलं आणि एकसारखं खाली आलं असतं, तर फारसं बिघडलं नसतं. पण तसं होत नाही. पावसाचं पाणी घराच्या कडेनं मुरतं, म्हणून आधी कडेची माती फुगते. घराच्या मधल्या भागावर छप्पर असतं, तिथली माती तेवढी बदलत नाही. उन्हाळ्यात उलट होतं, कडेची माती आधी वाळते आणि खचते. एका बाजूला मोरीचं पाणी साचतं, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड माती कोरडी करतं. म्हणजे घराचा एक कोपरा वर, एक खाली. भिंतीला हे सोसत नाही. ती जिथं कमजोर असते तिथं, म्हणजे खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यापासून, तिरकी फाटते.

थंड देशांतही पायाची अशीच अडचण असते, फक्त कारण वेगळं. तिथं कडाक्याच्या थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, त्याचा बर्फ होतो आणि जमीन वर उचलली जाते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ती परत बसते. अमेरिकेत मिनेसोटा नावाचं एक थंड राज्य आहे. तिथल्या बांधकामाच्या नियमानुसार पाया साडेतीन ते पाच फूट खाली न्यावा लागतो. का, तर तेवढ्या खोलीपर्यंत जमीन गोठते. त्याखालची जमीन गोठत नाही, म्हणून हलत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण नियम तोच लागू होतो : जमिनीचा जो थर हलतो, त्याच्या खाली जाऊन पाया टेकवायचा.

तुमच्या जागेत काळी किती खोल आहे?

पाया किती खोल घ्यायचा, हे गवंड्याला विचारण्याआधी जमिनीला विचारायला हवं. त्यासाठी तीन सोप्या गोष्टी आहेत.

पहिली, जवळची विहीर बघा. आपल्यापैकी कितीतरी जणींनी विहिरीच्या कामावर पाट्या वाहिल्यात. वर काळी, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, हे थर आपण डोळ्यांनी पाहिलेत. शेजारच्या विहिरीत मुरूम किती फुटांवर लागला, हे विहीरवाल्याला पक्कं आठवत असतं.

दुसरी, घराच्या जागेत पाहणीचा खड्डा घ्या. एका कोपऱ्यात एक आणि जमलं तर समोरच्या कोपऱ्यात दुसरा. मुरूम लागेपर्यंत किंवा निदान सहा-सात फुटांपर्यंत खोदा. खड्ड्याच्या कडा ढासळू शकतात, म्हणून तो रुंद ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका आणि आत एकट्या माणसाला उतरवू नका. दोन्ही कोपऱ्यांत मुरूम एकाच खोलीवर असेलच असं नाही. एका बाजूला तीन फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला सात फुटांवर, असंही निघतं. हे आधी कळलं तर पाया त्याप्रमाणे घेता येतो.

तिसरी, माती फुगते किती ते बघा. घराच्या जागेतली माती वाळवा, कुटा आणि पिठाच्या चाळणीनं चाळा. दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे माती टाका. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि एक दिवस-रात्र हलवू नका. ग्लास पोरांच्या आणि चुलीच्या जवळ ठेवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या मातीचा थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसला, तर ही माती जोरात फुगणारी आहे असं समजा. प्रयोगशाळेतही हीच तपासणी मोजमापाच्या नळीत करतात. एका बैठकीत ग्लास भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी मिळून बघा.

कसा पाया घ्यायचा?

जमिनीनं उत्तर दिलं की पायाचा प्रकार ठरतो. ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

काळी तीन-चार फुटांत संपत असेल तर वाट सोपी. सगळी काळी उकरून काढा आणि पाया कडक मुरमावर टेकवा. खड्ड्याच्या तळाशी काळ्या मातीचा पट्टा राहता कामा नये. पहार मारून बघा. मऊ रुतली तर अजून खाली जा.

काळी सहा-सात फुटांपर्यंत असेल तर सगळ्या भिंतीखाली एवढा खोल चर घेणं परवडत नाही. मग कॉलम घेतात. प्रत्येक कॉलमचा खड्डा मुरमापर्यंत जातो, खाली काँक्रीटचा रुंद तळ म्हणजे फुटिंग असतं आणि वर सगळे कॉलम बीमनं एकमेकांना बांधलेले असतात. भिंत त्या बीमवर उभी राहते, मातीवर नाही. इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बीमच्या खाली तीन-चार इंच पोकळी ठेवतात. का? पावसाळ्यात माती फुगली तर तिला वर यायला जागा हवी. बीम थेट मातीवर टेकवला तर माती फुगून तोच बीम वर ढकलते, मग कॉलम घेऊन काय उपयोग?

काळी त्याहूनही खोल असेल तर पाइलचा पाया लागतो. मोठ्या गिरमिटानं जमिनीत गोल भोक घेतात, साधारण वीतभर किंवा त्याहून थोडं जास्त रुंद. खोल काळीत ते अकरा-बारा फूट जातं. खाली गेल्यावर खास हत्यारानं भोक रुंद करतात, मूळ रुंदीच्या अडीचपट. मग सळया सोडून काँक्रीट भरतात. मुसळाच्या खालच्या टोकाला नारळ बसवावा तसा आकार होतो. तो गोळा हलणाऱ्या मातीच्या खाली रुतून बसतो, म्हणून वरची माती फुगली तरी पाइल उपटला जात नाही. आपल्या देशात काळ्या मातीसाठी हे तंत्र रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलं.

आणखी एक उपाय म्हणजे मुरमाची गादी. वरची काळी काढून त्या जागी न फुगणारा, चिकट मुरूम थर देऊन दाबायचा आणि त्यावर बांधायचं. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर यासाठी मोठं काम केलं. असा मुरूम नीट दाबून बसवला की खालच्या काळीचं फुगणं तो पुष्कळ आवरतो, हे त्यांनी दाखवलं आणि कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं. पण ही गादी किती जाड लागेल, हे अंदाजानं ठरवायचं काम नाही.

यातली कोणती वाट घ्यायची, ते इंजिनिअरला ठरवू द्या. घरकुल असेल तर पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो. पाहणीच्या खड्ड्याचे फोटो घेऊन त्याच्याकडे जा आणि विचारा : "साहेब, आमच्याकडे काळी इतके फूट आहे, पाया कसा घ्यायचा?" नुसतं "पाया कसा घ्यायचा" आणि "काळी इतके फूट आहे, तर पाया कसा घ्यायचा", या दोन प्रश्नांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

फोटोत जोतं दिसतं, पाया दिसत नाही

घरकुलाची मदत टप्प्याटप्प्यानं खात्यावर येते. जोत्यापर्यंत काम आलं की फोटो घेतला जातो आणि मग पुढचा हप्ता सुटतो. म्हणून गुत्तेदाराला आणि आपल्यालाही घाई होते : लवकर जोतं वर काढा, हप्ता येऊ द्या. या घाईत जो पैसा आणि जे दिवस वाचवले जातात, ते जमिनीखालून वाचवले जातात. जमिनीवरचं सगळ्यांना दिसतं, जमिनीखालचं कुणाला दिसत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. घर शेताच्या कडेला, काळीवर. पाया तीन फुटांवर घेतला. उकरलेली काळी माती बाहेर टाकायला ट्रॅक्टर लागतो म्हणून तीच जोत्यात परत भरली. वर छान फरशी बसली, रंग झाला, वास्तुशांत झाली. पहिल्या पावसाळ्यात मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. लाकूड फुगलं असेल म्हणून सुतारानं तासून दिलं. उन्हाळ्यात खिडकीपासून तिरका तडा निघाला आणि खोलीच्या मधोमध फरशी फुगून वर आली. ताई म्हणाल्या, "फुटलेल्या घराचा हप्ता भरताना हात जड होतो." गटाचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही. पण दुरुस्तीसाठी दुसरं कर्ज काढावं लागलं, आणि लेकीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले.

त्यांच्या घराचं नुकसान दोन गोष्टींनी झालं, उथळ पाया आणि जोत्यातली काळी माती. दोन्ही गोष्टी झाकण्याआधी एका दिवसात दिसल्या असत्या.

झाकण्याआधी हे बघा

आता कामाची यादी सांगतो. ही वहीत लिहून घ्या.

एक, खोली. खड्ड्यात टेप सोडून स्वतः मोजा. टेप दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक कॉलमचा वेगळा.

दोन, तळ. तळाशी कडक मुरूम हवा. रात्रीत पाऊस पडून चिखल झाला असेल तर तो चिखल काढूनच काँक्रीट टाकायचं. खड्डा खोदून महिनाभर उघडा ठेवू नका. माती वाळते, ओली होते, ढासळते. खोदाई आणि काँक्रीट लागोपाठ व्हायला हवं.

तीन, सळया. फुटिंगची जाळी थेट मातीवर ठेवायची नाही. खाली आधी साध्या काँक्रीटचा थर, त्यावर दोन इंचांचे सिमेंटचे ठोकळे आणि त्यावर जाळी. ठोकळ्यांऐवजी विटेचे तुकडे किंवा खडे टाकू देऊ नका. सळईच्या सगळ्या बाजूंनी काँक्रीट गेलं नाही तर ओल लागून ती गंजते.

चार, काँक्रीट. सळयांच्या कामाला निदान एम-२० प्रतीचं काँक्रीट लागतं. हातानं कालवताना एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे माप चालतं. घमेली मोजून टाकायला लावा. सगळ्यात मोठी गडबड पाण्यात होते. पातळ माल पटकन पसरतो म्हणून कामगार पाणी ओततात. ५० किलोच्या एका गोणीला २५ ते २७ लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाण्याची बादली मापाची ठेवा आणि तिच्याजवळ आपणच उभं राहा. पाणी घातलेला माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर गेला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत पडून राहिलेला माल पुन्हा पाणी घालून वापरू देऊ नका.

पाच, पाणी मारणं. हे काम तर आपल्याच वाट्याला येतं. आता बाजारात बहुतेक राखेचं मिश्रण असलेलं सिमेंट मिळतं. त्याला निदान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. बारदान अंथरून त्यावर पाणी मारलं तर कमी पाण्यात भागतं आणि उन्हातही ओल टिकते. टंचाईत हंडा लांबून आणावा लागतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच पाण्याची सोय बघूनच काँक्रीटचा दिवस ठरवा.

सहा, भर. उकरलेली काळी माती जोत्यात परत टाकायची नाही. ती शेतात जाऊ द्या. जोत्यात मुरूम भरायचा, एकदम नाही तर वीत-वीतभराचे थर करून. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मसनं ठोकायचं. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून दीड ते दोन फूट वर घ्या आणि त्याच्या माथ्यावर सगळीकडून सलग बीम असू द्या.

गुत्तेदाराशी बोली करताना हे सगळं कागदावर लिहा : पायाची खोली, सळईची जाडी, भर कशाची, आणि "पाया बघितल्याशिवाय झाकायचा नाही." पैसे अपुरे पडत असतील तर फरशी साधी घ्या, रंग पुढच्या वर्षी द्या, दाराला नक्षी नको. या गोष्टी नंतर करता येतात. पाया नंतर करता येत नाही, आणि करायचा झाला तर कितीतरी महाग पडतो.

घर झाल्यावर : पाणी भिंतीपासून लांब

पाया चांगला असला तरी मातीतलं पाणी एकसारखं राहील असं बघायला हवं. घराभोवती तीन फूट रुंदीचा फरसबंदीचा पट्टा घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. पत्र्याचं पाणी पन्हाळीनं लांब सोडा. मोरीचं पाणी भिंतीशी जिरू देऊ नका. शोषखड्डा घरापासून दहा-बारा फूट तरी लांब हवा.

परसबागेची मोहीम आपल्याच गटांनी चालवली आणि ती चांगलीच आहे. पण आळूचा आणि कर्दळीचा वाफा भिंतीला चिकटून असेल तर तिथली माती बारा महिने ओली आणि दुसरी बाजू कोरडी, असं होतं. वाफा फरसबंदीच्या पलीकडं न्या. मोठ्या झाडाचं उलट. लिंब, बाभूळ, निलगिरी यांची मुळं माती कोरडी करतात. झाड वाढून जेवढं उंच होईल, निदान तेवढ्या अंतरावर ते लावावं. तुळशीवृंदावनाची काळजी नको.

जुन्या घराला तडे गेले असतील तर

तडा दिसला की लगेच सिमेंट भरून रंग देतात. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा उघडतो. आधी तड्याला समजून घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा आणि तारीख लिहा. दर महिन्याला बघा. पावसाळ्यात मिटतो आणि उन्हाळ्यात उघडतो, की वर्षभर वाढतच जातो? पहिल्या प्रकारात माती फुगण्या-आकसण्याचा खेळ आहे. त्यावर आधी पाण्याचा बंदोबस्त करायचा : फरसबंदी, पन्हाळ, मोरी. पुष्कळ घरं एवढ्यानंच थांबतात. एक पूर्ण वर्ष बघून मगच तडे भरावेत.

तडा वाढतच असेल तर पायाला हात घालावा लागतो. उभ्या घराचा पाया बदलता येतो, पण त्याची एक रीत आहे. भिंतीला टेकू देतात. मग भिंतीखालचा तीन-चार फुटांचाच एक तुकडा उकरतात, खाली कडक थरापर्यंत जातात आणि नवं काँक्रीट भरतात. ते कडक झालं आणि जुन्या पायाखालची फट घट्ट भरली की दुसरा तुकडा, पण लगतचा नाही, थोडा सोडून पुढचा. असं करत करत सगळी भिंत नव्या पायावर येते. हे काम पावसाळ्यात करायचं नाही, आणि इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय तर नाहीच. कुणी म्हणालं, "एका दिवसात पूर्ण भिंतीलगत चर मारून देतो," तर त्याला थांबवा. चर मारला की भिंतीचा आधार जातो आणि भिंत अंगावर येऊ शकते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत हा धोका फार मोठा आहे.

आणि एक नीट लक्षात ठेवा. भिंत पोटाशी फुगलेली दिसत असेल, ओळंब्यातून बाहेर झुकली असेल किंवा तडा चार-आठ दिवसांत बोट जाईल एवढा रुंद झाला असेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर. आधी त्या खोलीतून अंथरुणं हलवा आणि ग्रामपंचायतीला कळवा.

हे काम बायकांनी केलेलं आहे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरं दुरुस्त करून मजबूत करायचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात महिला मंडळांच्या बाया संवाद सहायक म्हणून गावोगाव काम करत होत्या. घराची मजबुती कशात असते हे त्यांनी आधी स्वतः शिकून घेतलं, मग घरोघरी सांगितलं, आणि काम चालू असताना लक्षही ठेवलं. शाळा फारशी न शिकलेल्या बायांनी हे केलं. मग आपल्याला एका खड्ड्यात टेप सोडायला काय हरकत आहे?

आता प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षण असतं, ४५ दिवसांचं. त्यात बायाही गवंडीकाम शिकतात. तुमच्या गटातल्या कुणाला आवड असेल तर पंचायत समितीत चौकशी करा.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटात कुणाकुणाचं घर होणार आहे त्यांची नावं लिहा. प्रत्येकीच्या जागेत काळी किती खोल आहे, ते नावापुढं लिहा. आणि ठराव करा : घरासाठी कर्ज घेतलेल्या मैत्रिणीचा पाया भरायचा असेल त्या दिवशी गटातल्या दोघीजणी तिच्याबरोबर खड्ड्यापाशी उभ्या राहतील, टेप आणि ही यादी घेऊन. एकटीला गुत्तेदार म्हणतो, "तुम्हाला काय कळतंय?" तिघी उभ्या असल्या की तो आधी खोली मोजून दाखवतो.